कॅश कोहेरन्सची ‘कार्यक्षमता’: आधी छेदात काय आहे ते बघा



“ताई, टॉपिक कसा वाटतो? फक्त शीर्षक बघून सांगा.” असा मेसेज मला महिन्यातून एकदा तरी येतो. गेल्या वेळी आलेलं शीर्षक होतं, ‘शेअर्ड मेमरी मल्टिप्रोसेसरमध्ये कॅश कोहेरन्सची कार्यक्षमता सुधारणे’. पाठवणारा मुलगा एम.एस्सी. झालेला, पेटच्या तयारीत, मनापासून वाचणारा. मी त्याला उलट एकच प्रश्न विचारला. कार्यक्षमता म्हणजे कशाला कशाने भागायचं? त्याला वाटलं मी टाळतेय. टाळत नव्हते. या प्रश्नाचं उत्तर न देता मी स्वतः पीएचडीचे चार महिने घालवले आहेत. ती गोष्ट पुढे सांगते.

या विषयावरचे दोन गाजलेले लेख आज समोर ठेवते. एक म्हणतो, हार्डवेअर कोहेरन्स कुठेही जात नाही, तिचा खर्च परवडणारा आहे. दुसरा म्हणतो, ही सगळी व्यवस्था नव्याने मांडायला हवी. दोन्ही लेख अव्वल दर्जाचे आहेत. दोन्ही एकदम खरे कसे असू शकतात, हे कळलं की सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं हेही कळतं.

प्रश्न नेमका काय आहे

माझं घर शिरपूरचं, शेती जवळच्या गावात. त्यामुळे मला कोहेरन्स समजली ती सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून, आणि तुम्हालाही तशीच सांगते.

मुख्य मेमरी म्हणजे तलाठ्याकडचं मूळ दप्तर. प्रत्येक कोर म्हणजे एक खातेदार. दर वेळी दप्तरापर्यंत हेलपाटा नको म्हणून प्रत्येक जण उताऱ्याची नक्कल घरी ठेवतो. ही घरातली नक्कल म्हणजे कॅश. आता मूळ नोंदीत फेरफार झाला. बाहेर वाटलेल्या नकला शिळ्या झाल्या. कुणीही शिळ्या नकलेवर व्यवहार करू नये, याची हमी म्हणजे कोहेरन्स.

ही हमी द्यायचे दोन जुने मार्ग आहेत. पहिला, दवंडी. फेरफार झाला की गावभर ओरडून सांगायचं, ज्याच्याकडे नक्कल असेल त्याने ती फाडावी. याला स्नूपिंग म्हणतात. गाव लहान असेल तोवर उत्तम. शहर झालं की दवंडी परवडत नाही. दुसरा मार्ग, वही. कुणाकुणाला नक्कल दिली याची यादी ठेवायची आणि फेरफाराच्या वेळी फक्त त्यांनाच कळवायचं. ही डिरेक्टरी. दोन्ही मार्गांत नक्कल रद्द करण्याच्या निरोपाला इनव्हॅलिडेशन म्हणतात. आणि कोरला हवी ती ताजी नक्कल घरात सापडली नाही, हेलपाटा घालावा लागला, की तो ‘मिस’.

बहुतेक प्रोसेसरांत जो मेसी प्रोटोकॉल किंवा त्याचा भाऊबंद असतो, त्याची ओळख ‘इलिनॉय प्रोटोकॉल’ अशीही आहे. मार्क पापामार्कोस आणि जनक पटेल यांनी १९८४ साली इलिनॉय विद्यापीठातून तो मांडला. हे विद्यापीठ लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

पहिला लेख: खर्च वाढत नाही

जुलै २०१२ च्या ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ मध्ये मायलो मार्टिन, मार्क हिल आणि डॅनियल सोरिन यांचा लेख आला. शीर्षकातच निकाल होता, चिपवरची कॅश कोहेरन्स टिकून राहणार आहे. त्या काळात उलट सूर जोरात होता. कोर वाढले की कोहेरन्स कोसळेल, ती सॉफ्टवेअरच्या गळ्यात घाला, असं बरेच जण म्हणत होते. या तिघांनी पाच आक्षेप घेतले (वाहतूक, साठवण, इन्क्लुजन, विलंब आणि ऊर्जा) आणि एकेकाचा हिशोब करून दाखवला की कोर वाढले तरी खर्च हळूच वाढतो.

यातला वाहतुकीचा युक्तिवाद तुम्ही कागदावर स्वतः करून बघाच. भीती अशी असते: एका लाइनच्या नकला शंभर कोरकडे आहेत, एकाने लिहिलं, तर शंभर निरोप जाणार. म्हणजे कोर वाढतील तसा प्रत्येक लेखनाचा खर्च वाढणार. लेखक म्हणतात, थांबा. शंभर नकला परत मागवायच्या तर आधी शंभर नकला दिलेल्या असल्या पाहिजेत. नक्कल देणं म्हणजे एक मिस. म्हणून रद्द करण्याचा प्रत्येक निरोप आधीच्या एका मिसच्या खात्यावर टाकता येतो. जितके उतारे दिले तितकेच परत मागवता येतात, त्याहून जास्त नाही. म्हणजे प्रत्येक मिसमागे येणारी वाहतूक एका ठरावीक मर्यादेत राहते, कोर सोळा असोत की हजार. अट एकच, वही अचूक हवी. नक्कल टाकून दिली तर तसं कळवलं पाहिजे. ‘या आळीत कुणाकडे तरी असेल’ अशी ढोबळ वही ठेवली, तर ज्यांच्याकडे नक्कलच नाही त्यांनाही निरोप जातात आणि हिशोब मोडतो.

साठवणीचंही तसंच. लाइन ६४ बाइटची, म्हणजे ५१२ बिटची. १६ कोर असतील तर कुणाकडे नक्कल आहे हे लिहायला १६ बिट, म्हणजे सुमारे ३ टक्के. पण ५१२ कोर झाले तर यादीच ५१२ बिटची, मूळ कागदाइतकीच मोठी. यावर उपाय पायऱ्यांचा. २५६ कोरचे १६ गट करा, प्रत्येकात १६ कोर. वरच्या वहीत फक्त कोणत्या गटात नक्कल आहे ते लिहा, गटाच्या वहीत कोणत्या कोरकडे आहे ते. तालुक्याला गाव माहीत असलं की पुरे, घर गावाला माहीत असतं. दोन्ही ठिकाणी १६ बिटच.

भविष्याबद्दलचा दावा म्हणूनही लेख बराच खरा ठरला. आज एका सॉकेटवर शंभराहून जास्त कोर असलेले सर्व्हर प्रोसेसर बाजारात मिळतात आणि त्यांत हार्डवेअर कोहेरन्स आहे.

मग अडचण कुठे?

छेदात. लेखाचा सगळा हिशोब ‘दर मिसमागे’ आहे. मिसमागचा खर्च वाढत नाही, हे सिद्ध झालं. पण मिस किती? आणि त्यातले किती व्हायलाच नको होते?

गाडीचं उदाहरण घ्या. तुमची गाडी साठचं अ‍ॅव्हरेज देते. छान. पण शिरपूरहून धुळ्याला जायला तुम्ही चोपड्याकडे वळसा घातलात, तर साठचं अ‍ॅव्हरेज घेऊनही पेट्रोल वाया गेलं. अ‍ॅव्हरेजचा आकडा खोटा नाही. तो वळशाबद्दल बोलतच नाही, एवढंच.

कोहेरन्समधला असा वळसा म्हणजे फॉल्स शेअरिंग. पुन्हा सातबारा घ्या. आमच्या वडिलांची आणि काकांची जमीन एकाच गटात, एकाच उताऱ्यावर. काकांनी पीक कर्ज काढलं, बोजा चढला, उतारा बदलला. वडिलांच्या हिश्शात काहीच बदललं नाही, पण त्यांच्याकडची नक्कल शिळी झाली आणि नवी आणावी लागली. कॅशमध्ये हेच होतं. एका कोरचा काउंटर आणि दुसऱ्या कोरचा काउंटर योगायोगाने एकाच ६४ बाइटच्या लाइनमध्ये बसले, की दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसताना लाइन इकडून तिकडे फेऱ्या मारत राहते. प्रत्येक फेरीचा खर्च मर्यादेत आहे, लेख म्हणतो तसाच. फेरीच नको होती, हे मात्र त्या हिशोबात दिसत नाही.

स्वतः करून बघायचं असेल तर अवघड नाही. दोन थ्रेड घ्या, प्रत्येकाला स्वतःचा काउंटर द्या, काही कोटी वेळा वाढवा. एकदा काउंटर शेजारी-शेजारी ठेवा, एकदा मध्ये ६४ बाइटचं अंतर सोडा. मात्र कंपायलरने अख्खा लूपच उडवून टाकला नाही ना, तेवढं तपासा. साध्या लॅपटॉपवरही वेळेतला फरक डोळ्यांना दिसतो. लिनक्सवर ‘पर्फ’ या साधनाची ‘सी-टू-सी’ नावाची उपआज्ञा कोणती लाइन भांडणाचं मूळ आहे तेही दाखवते.

आता माझी चूक. दुसऱ्या वर्षी मी डिरेक्टरीत एक छोटा बदल केला होता. कोणता कोर पुढे लाइन मागेल याचा अंदाज बांधून निरोप वाचवायचे, अशी कल्पना. सिम्युलेटरवर इनव्हॅलिडेशन घसघशीत कमी झाले. आलेख काढले, मसुदा लिहिला, घरी फोन करून सांगितलंसुद्धा. गाइडनी आकड्यांना हातही न लावता विचारलं, “हे निरोप मुळात का जात होते?” मी शोधायला बसले. सगळा फायदा एका प्रोग्रॅममधून येत होता आणि त्या प्रोग्रॅममध्ये एक अ‍ॅरे होता, प्रत्येक थ्रेडची एक नोंद शेजारी-शेजारी. मध्ये रिकामी जागा सोडून प्रोग्रॅम पुन्हा चालवला. मूळ डिरेक्टरीवरच बहुतेक निरोप नाहीसे झाले आणि माझ्या सुधारणेला सुधारायला काही उरलंच नाही. चार महिन्यांचं हार्डवेअर अ‍ॅरेच्या व्याख्येतल्या एका ओळीने भागलं असतं.

माझे आकडे खोटे नव्हते. ‘दर इनव्हॅलिडेशनमागचा खर्च’ मी खरोखर कमी केला होता. छेद चुकला होता.

दुसरा लेख: हमी कुणी द्यायची?

आता २०११ मध्ये येऊ, म्हणजे वरच्या लेखाच्या आधीच्या वर्षात. पॅक्ट परिषदेत ‘डिनोवो’ नावाचा शोधनिबंध आला. इलिनॉय विद्यापीठातला गट, आणि त्यात सरिता अडवे. त्या आयआयटी मुंबईच्या बी.टेक. पुढे विस्कॉन्सिनला पीएचडी, १९९३. आणि गाइड कोण? मार्क हिल. तेच, पहिल्या लेखातले. म्हणजे एका बाजूला गुरू, दुसऱ्या बाजूला शिष्या, आणि मेसी ज्या विद्यापीठातून आला तिथूनच त्याला आव्हान. गंमत बाजूला ठेवा, पण शोधक्षेत्रात मतभेद असा असतो हे लक्षात घ्या. एकमेकांचं काम आतून माहीत असलेली माणसं प्रश्न वेगळा मांडतात.

दोघांचं १९९० सालचं एक संयुक्त काम या सगळ्याच्या मुळाशी आहे. त्यात कल्पना कराराची होती. प्रोग्रॅमरने कबूल करायचं की माझ्या प्रोग्रॅममध्ये डेटा रेस नाही, म्हणजे योग्य त्या समन्वयाशिवाय दोन थ्रेड एकाच जागी झोंबत नाहीत आणि त्यातला कुणी लिहीत नाही. बदल्यात हार्डवेअरने कबूल करायचं की तुला सगळं ओळीने, एकामागे एक घडल्यासारखंच दिसेल. जावा आणि सी प्लस प्लस या भाषांच्या मेमरी मॉडेलच्या पायाशी हाच विचार आहे आणि त्या कामातही अडवे होत्या.

डिनोवो विचारतं, प्रोग्रॅमरने एवढं कबूल केलंच आहे, तर हार्डवेअर अजून प्रत्येक क्षणी प्रत्येक नक्कल रद्द करत का धावतंय?

आता पुन्हा तलाठ्याकडे या. प्रत्यक्षात फेरफार झाला म्हणून कुणी घरोघरी जाऊन जुने उतारे गोळा करतं का? नाही. बँक सरळ म्हणते, ताजा उतारा आणा. खरीप कर्जाच्या आधी जो तो स्वतःच जुना कागद बाजूला ठेवतो आणि नवा काढतो. ‘शिळ्या उताऱ्यावर व्यवहार करायचा नाही’ ही शिस्त सगळ्यांनी मान्य केली की रद्द करण्याचे निरोपच लागत नाहीत.

डिनोवोत हेच आहे. प्रोग्रॅम टप्प्याटप्प्याने चालतो. नवा टप्पा सुरू होताना प्रत्येक कोर स्वतःच्या कॅशमधल्या, आधीच्या टप्प्यात बदलल्या असतील अशा नोंदी स्वतःच रद्द करतो. कोणत्या भागात बदल झाला असेल याची माहिती प्रोग्रॅममधूनच मिळते. त्यासाठी याच विद्यापीठातली डिटरमिनिस्टिक पॅरलल जावा ही भाषा डोळ्यांसमोर होती. परिणाम काय? नकला कुणाकडे आहेत याची यादी नाही. इनव्हॅलिडेशनचे निरोप नाहीत. कोहेरन्स लाइनच्या नव्हे, एकेका शब्दाच्या पातळीवर, म्हणून फॉल्स शेअरिंग नाही. काकांचा बोजा काकांच्याच उताऱ्यावर. स्थिती फक्त तीन, अवैध, वैध आणि नोंदणीकृत. एखाद्या कोरने लिहिलं की सामायिक कॅशमध्ये त्याच्या नावाची नोंद होते, आणि तीही डेटाच्याच जागेत, कारण तिथला जुना डेटा आता निरुपयोगी असतो. मला हा तपशील फार आवडतो. नवी वही आणायची गरजच पडत नाही.

डिनोवो वाचताना कुठे थांबायचं

आता इथेही तोच प्रश्न. यांचा छेद कोणता?

डिनोवोचा सर्वांत ठळक दावा वेगाचा नाही, साधेपणाचा आहे. मेसीच्या पाठ्यपुस्तकी स्थिती चार, पण प्रत्यक्ष बांधताना ‘निरोप पाठवलाय, उत्तर यायचंय, तेवढ्यात दुसऱ्याची मागणी आली’ अशा मधल्या स्थितींचं रान माजतं. चुका तिथेच दडतात. साधेपणा हा नुसता शब्द राहू नये म्हणून या गटाने मॉडेल चेकिंगने तो मोजला. राकेश कोमुरवेल्ली, सरिता अडवे आणि चिंग-त्सुन चौ यांचा २०१४ चा निबंध वाचा. सगळ्यांना उपलब्ध असलेल्या, नावाजलेल्या मेसी बांधणीत त्यांना ६ चुका सापडल्या, बहुतेक समजायला कठीण, दुरुस्तीला काही दिवस घेणाऱ्या. डिनोवोमध्ये ३, तुलनेने सोप्या. दुरुस्तीनंतर मेसीच्या पोहोचता येण्याजोग्या स्थिती डिनोवोच्या १५ पट, तपासणीचा वेळ २० पट.

हे वाचून मी पहिल्यांदा भारावून गेले होते. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनीच लिहिलेली अट दिसली. तपासणी आवाक्यात यावी म्हणून मॉडेल दोन कोर आणि एक पत्ता एवढ्यापुरतं सोपं करावं लागलं. म्हणजे १५ हा आकडा ६४ कोरच्या चिपबद्दल थेट काही सांगत नाही. मला विचाराल तर यामुळे दावा कमजोर होत नाही, उलट धास्ती वाढते, कारण एवढ्याशा मॉडेलमध्येच ६ चुका निघाल्या. पण उद्धृत करताना लोक ‘१५ पट’ लिहितात आणि ‘दोन कोर, एक पत्ता’ गाळतात. तुम्ही गाळू नका.

दुसरी जागा जास्त महत्त्वाची. डिनोवोचा छेद म्हणजे ‘शिस्तीचे प्रोग्रॅम’. स्प्लॅश-२, पार्सेक यांसारख्या संचांतले, टप्प्यात बसणारे प्रोग्रॅम घेतले की सगळं सुरेख दिसतं. पण जगात चालणारा बहुतेक कोड असा लिहिलेला नाही. त्यात लॉक आहेत, लॉकशिवायच्या रांगा आहेत, वीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून सोडून दिलेल्या लायब्ररी आहेत. ज्या भाषेवर भिस्त होती ती रोजच्या वापरात आली नाही. खर्च नाहीसा झाला नाही, हार्डवेअरकडून प्रोग्रॅमरकडे सरकला. आणि प्रोग्रॅमरचे तास कुठल्याच आलेखात नसतात. शिवाय टप्प्याच्या सुरुवातीला स्वतःहून रद्द करायचं, तर त्यात न बदललेल्या नोंदीही जाऊ शकतात आणि विनाकारण हेलपाटा पडतो. हे कमी करायला निबंधात उपाय आहेत, पण ते उपाय प्रोग्रॅमकडून येणारी माहिती किती नेमकी आहे यावर अवलंबून आहेत.

गटाच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यांनी ही फट झाकली नाही. २०१३ ला लॉक वापरणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी ‘डिनोवो-एनडी’ आणलं, २०१५ ला सर्वसाधारण सिंक्रोनायझेशनसाठी ‘डिनोवो-सिंक’. पहिल्या निबंधाची मर्यादा हीच पुढच्या दोन निबंधांची सुरुवात झाली. ‘फ्युचर स्कोप’च्या शीर्षकाखाली चार ओळी चिकटवणं आणि खरंच तिथून पुढे चालणं यातला फरक बघायचा तर ही मालिका ओळीने वाचा.

आणि कल्पना वाया गेली का? नाही. जीपीयूकडे बघा. तिथे हजारो थ्रेड असतात, प्रोग्रॅम टप्प्यांतच चालतात, आणि समन्वयाच्या क्षणी स्वतःची कॅश स्वतः रद्द करण्याची रीत तिथे आधीच होती. डिनोवोचा विचार तिथे छान बसला. त्याच गटाचं जीपीयू सिंक्रोनायझेशनवरचं २०१५ चं काम आणि सीपीयू-जीपीयू एकत्र जोडणारं २०१८ चं ‘स्पँडेक्स’ त्याच धाग्यातलं आहे.

वाटायचंच नाही, हा तिसरा मार्ग

आपल्याकडचं एक उदाहरण इथे हवंच. पुण्याच्या सी-डॅकची स्थापना १९८८ ची, आणि १९९१ मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ आला. त्यात ट्रान्सप्युटर होते, प्रत्येकाची मेमरी स्वतंत्र, आणि बोलायचं ते निरोप पाठवून. म्हणजे सामायिक दप्तरच नाही. प्रत्येकाचं शेत वेगळं, उतारा वेगळा. कोहेरन्सचा प्रश्न सुटला नाही, तो उद्भवलाच नाही. पण कोणता डेटा कधी कुणाला पाठवायचा हे सगळं प्रोग्रॅमरने लिहायचं.

आज पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’सारख्या यंत्रणांत दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. नोडच्या आत हार्डवेअर कोहेरन्स, दोन नोडमध्ये निरोप. म्हणजे कोहेरन्स हवी की नको हा वाद नाहीच. तिची हद्द कुठे आखायची हा वाद आहे. सीएक्सएलसारख्या नव्या जोडण्यांमुळे ती हद्द आता चिपच्या बाहेर सरकते आहे, म्हणून प्रश्न पुन्हा ताजा झाला आहे.

माझं मत

माझं मत असं की २०१२ चा लेख आपल्या छेदापुरता बरोबर आहे आणि त्याचा उपयोग अनेक जण चुकीचा करतात. ‘कोहेरन्स परवडते’ याचा अर्थ ‘कोहेरन्समध्ये वाया काही जात नाही’ असा नाही. डिनोवोने योग्य प्रश्न विचारला, पण शिस्त गृहीत धरून. सीपीयूवर पहिला लेख जिंकला याचं कारण तो जास्त खोल आहे हे नाही. जुना कोड कुणीही पुन्हा लिहीत नाही, हे आहे. जीपीयूवर उलटं झालं, कारण तिथे शिस्त आधीपासूनच होती.

म्हणजे प्रोटोकॉल किती हुशार आहे यापेक्षा, त्याच्या वर चालणारा प्रोग्रॅम काय कबूल करतो यावर कार्यक्षमता ठरते. प्रोटोकॉल एकटाच सुधारायला निघालेला सिनॉप्सिस मला म्हणून अर्धवट वाटतो. माझाही तसाच होता.

आता त्या मुलाला दिलेलं उत्तर तुम्हालाही देते. शीर्षकातला ‘कार्यक्षमता’ हा शब्द खोडा आणि त्याजागी भागाकार लिहा. दर मिसमागे बिट? दर उपयुक्त लेखनामागे निरोप? दर कामामागे ज्यूल? तपासलेल्या दर स्थितीमागे तास? एकदा हे लिहिलं की तीन प्रश्न आपोआप येतात. अंशातला खर्च कमी झाला, तर तो नाहीसा झाला की दुसऱ्या कुणाकडे सरकला? छेदातली गोष्ट मुळात लागत होती का? आणि प्रोग्रॅममध्ये एक ओळ बदलून हाच फायदा मिळतो का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं तर वाईट वाटून घेऊ नका. चार महिने वाचले असं समजा.

पेटच्या मुलाखतीत कुणी म्हणेल, “विषय जुना आहे, १९८४ पासून लोक हेच करतायत.” घाबरू नका. हमी जुनीच आहे. ती कुणी द्यायची आणि किती लांबपर्यंत द्यायची, हे दर पिढीच्या यंत्राबरोबर नव्याने ठरतं. फक्त मुलाखतीला जाण्याआधी तो दोन काउंटरचा प्रयोग स्वतः करून जा. तुमच्या आकड्यांबद्दल तुम्हाला विचारलं, तर निदान एक आकडा असा असू द्या जो तुम्ही स्वतः पाहिलाय आणि का आला हे सांगू शकता.

त्या मुलाने परवा नवं शीर्षक पाठवलं. आता त्यात ‘फॉल्स शेअरिंग’ आहे, ‘स्वतःहून रद्द करणं’ आहे, आणि शेवटी ‘दर उपयुक्त लेखनामागे’ असे शब्द आहेत. शीर्षक लांबलंय, कानाला बरं लागत नाही. पण आता ते वाचून मी त्याच्याशी भांडू शकते, आणि मी भांडलेही. ‘उपयुक्त’ लेखन म्हणजे कोणतं, हे तो अजून शोधतोय.